मिगवाले सोनकांबळे

नामदेवराव सोनकांबळे खिडकीतून भांडायचे.

खिडकी सरकारी होती, उदगीरच्या तहसील कचेरीच्या वरच्या मजल्यावरची. भांडण मात्र संपूर्ण खासगी. रस्त्यापलीकडे बसप्पांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याचा मांडव, खाली बाकडी आणि एक भट्टी. नामदेवराव हातातली फाईल टेबलावर उपडी ठेवायचे, मान खिडकीबाहेर काढायचे आणि ठणकावून विचारायचे, "काय अप्पा, तुमचं मिराज निघालं का फ्रान्सवरून, का अजून पावडर लावून राहिलं?"

खालून भट्टीचा धूर आणि उत्तर बरोबरच वर यायचं. "येतंय, येतंय! नवी सून हाय, सावकाश येईल. तवर तुमच्या म्हातारीला म्हणावं, भांडी घास!"

म्हातारी म्हणजे मिग. रशियाकडून घेतलेलं, आपल्या हवाई दलात मुरलेलं लढाऊ विमान. मिराज म्हणजे फ्रान्सकडून नव्यानं यायचं होतं ते. नामदेवराव मिगचे, अप्पा मिराजचे. दोघांपैकी एकानंही या दोन्हीतलं एकही विमान जवळून पाहिलेलं नव्हतं. नामदेवरावांना तर लातूरची एसटीसुद्धा सोसायची नाही. खिशात लिंबू असल्याशिवाय ते गाडीत चढत नसत, आणि लातूर येईपर्यंत लिंबाचा आणि त्यांचा, दोघांचाही रंग उडालेला असे.

मी मूळची भोकरची. लातूर जिल्हा नवा झाला, नव्या जिल्ह्याला कारकून हवे होते, आणि माझी नेमणूक उदगीरला झाली. टेबल मिळालं टंचाई शाखेत. कोणत्या गावाला टँकर गेला, कुठे जायचा, कुठली विहीर आटली, याचे कागद करायचे. जिल्हा नवा, नोकरी नवी; दुष्काळ तेवढा जुन्या ओळखीचा. कचेरीतले काही शिक्के अजून उस्मानाबादचे होते. ठसा उमटवायचा, जिल्ह्याचं नाव पेनानं खोडायचं आणि वर 'लातूर' लिहायचं, हे माझं पहिलं सरकारी काम. नामदेवराव शाखेचे अव्वल कारकून, म्हणजे माझे साहेब. त्यांच्याच ओळखीनं मला बसप्पांच्या घरामागची खोली भाड्यानं मिळाली. त्यामुळे भांडणाची वरची बाजू मला दिवसा ऐकू यायची आणि खालची बाजू संध्याकाळी.

नामदेवराव उंच, सडपातळ, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारे. वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा ते शाळकरी होते. वस्तीतले पहिले मॅट्रिक तेच. स्टेशनच्या बाजूला दोन खोल्यांत एकटे राहायचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. घरात बुद्धाची मूर्ती आणि शेजारी रेडिओ, दोन्ही रोज एकाच फडक्यानं पुसायचे. एप्रिलमधल्या जयंतीच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधून सगळ्यात पुढे असायचे. तरुणपणी हवाई दलात भरती व्हायला हैदराबादेकडे गेले होते. छाती भरली, नजर भरली, तळपाय मात्र सपाट निघाले. "विमानाला चाकं असत्यात, बाई," ते मला म्हणाले होते, "मग माझ्या तळपायाशी त्यांचं काय काम होतं, हे मला आजपर्यंत उमजलं न्हाई."

हवाई दलानं त्यांना घेतलं नाही म्हणून त्यांनी तहसील कचेरीचंच हवाई दल केलं. तहसीलदारांच्या खोलीत जाण्याआधी ते शिपायाला विचारायचे, "रनवे मोकळा हाय का?" साहेब रागात असले की, "आज हवामान खराब हाय, उतरू नका." एखादी फाईल महिनोन्महिने टेबलांवरून फिरत राहिली की, "घिरट्या घालून राहिली बिचारी. पेट्रोल संपायच्या आत उतरवा तिला." मला कामाला उशीर झाला की एवढंच म्हणायचे, "कदमबाई, मिग असतं तर परत बी आलं असतं."

अप्पांचं वेगळं. बसप्पा बुटके, गोल, कपाळावर भस्म, बोलण्यात मराठी, कानडी आणि हैदराबादी अशी तिहेरी फोडणी. कुणी जिल्ह्याचा अभिमान सांगू लागला की ते हात झटकायचे. "अरे, माझ्या जन्माला आम्ही बिदर जिल्ह्यात होतो. मग उस्मानाबाद. आता लातूर. माझी भट्टी हितंच हाय, जिल्हाच फिरून राहिला!" दुष्काळात गावाला नळ आठवड्यानं यायचा. दुधात घालायला पाणी उरलं नाही म्हणून त्या वर्षी अप्पांचा चहा फार चांगला झाला होता. नामदेवराव तसं जाहीरपणे खिडकीतून सांगायचे.

त्यांच्या भांडणाला ठरलेलं वळण नव्हतं. नामदेवराव म्हणायचे, मिग म्हणजे ज्वारीची भाकर. साधी, कडक, कुठंबी चालती. अप्पा म्हणायचे, भाकर खाऊन खाऊन दात पडले तुमचे, आता जरा खारी खा. नामदेवराव म्हणायचे, मिगची जुळणी आपल्या नाशकाकडे होते, म्हणजे मिग महाराष्ट्राचं पोरगं झालं. अप्पा म्हणायचे, नाशिक तुमच्या सासऱ्याचं का? उदगीरहून नाशिकला जाईतो माणूस म्हातारा होतो. रस्त्यानं जाणारे थांबायचे. मोंढ्यातले हमाल दोन तट पाडून बसायचे. कामासाठी खेड्यावरून आलेली माणसंही, काम झालं नाही तरी भांडण ऐकायला मिळालं म्हणून समाधानानं परत जायची.

एकदा अशीच एक म्हातारी टँकरचा अर्ज घेऊन माझ्या टेबलापाशी उभी होती. वरून विमान गेलं. बिदरला हवाई दलाचं शिक्षण चालायचं, त्यामुळे आमच्या आभाळात शिकाऊ जेट विमानं रोजची. म्हातारीनं छताकडे बघून विचारलं, "पाऊस पाडायचं हाय का हे?"

"न्हाई मावशी," नामदेवराव म्हणाले, "लढायचं शिकून राहिलं."

"कुणासंगं?"

"दुश्मनासंगं."

"मग दुष्काळासंगं लढा म्हणावं आधी. त्यो तर घरात शिरलाय."

नामदेवरावांनी पेन खाली ठेवला. त्यांनी म्हातारीचा अर्ज गठ्ठ्याच्या वर ठेवला.

दोघांची एकी व्हायची ती फक्त परक्यासमोर. खताचा एक एजंट हैदराबादेहून आला होता. टेरिकॉटची पँट, डोळ्यावर गॉगल. चहा पिता पिता वाद ऐकून तो म्हणाला, "मिग काय अन् मिराज काय, शेजाऱ्यांनी अमेरिकेचं एफ-सोळा घेतलंय. त्याच्यापुढं तुमची दोन्ही भंगार."

हमालांनी बशा खाली ठेवल्या. अप्पांनी भट्टीवरचं आधण उतरवलं, शांतपणे चालत गेले आणि एजंटसमोरचा अर्धा भरलेला कप उचलला. "चहा संपला."

"अहो, आहे की अजून कपात."

"तो आमचा हाय."

नामदेवराव जिना उतरून खाली आले होते. त्यांनी एजंटला उभं केलं आणि मिगनं आणि मिराजनं, आयुष्यात पहिल्यांदा खांद्याला खांदा लावून, अमेरिकेचा जो काही समाचार घेतला त्याला तोड नाही. नामदेवराव मिराजचे गुण सांगत होते आणि अप्पा मिगचे. एजंटची बस निघून गेली. मग दोघांनाही वाईट वाटलं. दुसरी गाडी येईपर्यंत अप्पांनी त्याला सावलीत बसवलं, माठातलं पाणी दिलं, वर ताजा चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. "चुकीचं विमान धरलं म्हणून काय झालं," नामदेवराव म्हणाले, "माणूस हाय, तहान लागतीच."

हे सगळं मला फार गमतीचं वाटायचं. पण हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. भांडण कधीही सुरू व्हायचं असं नाही. दूर पूर्वेकडून विमानाची घरघर ऐकू आली की नामदेवरावांचा पेन थांबायचा. क्षणभर कान टवकारायचे, लगेच मान बाहेर काढायचे आणि आवाज डोक्यावर येईपर्यंत त्यांचा ओरडा त्याच्यावर चढलेला असायचा. विमान गेलं की पाच-सहा वाक्यांत तह व्हायचा.

मी बसप्पांच्या बायकोला विचारलं. तिला सगळे गौराक्का म्हणायचे. संध्याकाळी मागच्या अंगणात ती ज्वारी पाखडत बसली होती.

"तुला ठाऊक न्हाई व्हय?" ती म्हणाली. "आमचा शिवा विमान चालवायला शिकून राहिला की. बिदरला."

अप्पांचा मुलगा हवाई दलात आहे एवढं मला माहीत होतं. मला वाटलं, हिशेबबिशेब बघत असेल. हॉटेलवाल्याचा मुलगा, म्हणून तसं वाटलं, हे मी गौराक्काला सांगितलं नाही.

"लांब होता तवा बरं होतं," ती सांगू लागली. "डोळ्याआड होता. बिदरला आला आणि ह्यांचं जेवण गेलं. विमानाचा आवाज आला की हातातलं काम सुटायचं. वर बघत राहायचे. एकदा उकळतं दूध हातावर घेतलं. मी म्हटलं, हॉटेल बंद करून चला माझ्या माहेरी, चिंचोळीला. तर म्हणतात, तिथं गेलं की आवाज ऐकू यायचा न्हाई, मग तर लईच वाईट." ती सूप थांबवून हसली. "मग एक दिवस सोनकांबळे साहेब पेपर घेऊन आले. ह्यांना म्हणाले, अप्पा, हे फ्रान्सचं विमान, मिराज. हे आजपासून तुमचं. ते रशियाचं माझं. आता भांडा. ह्यांना मिराज खातात का पितात तेबी ठाऊक नव्हतं. पण साहेबानं वरून असं काही टोचलं, असं काही टोचलं, की ह्यांना राग आला. आणि राग आला की हे वर बघायचं विसरतात."

"म्हणजे साहेबांना मिग खरंच एवढं आवडत नाही?"

"आवडतं की! ते तर पहिल्यापासून येडे हाईत. शिवाला गणित, इंग्रजी सगळं त्यांनीच शिकवलं. रोज संध्याकाळी कचेरी सुटली की हितंच, ह्या पायरीवर." तिनं पायरीकडे नुसतं बोट केलं आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

त्यानंतर मी त्या भांडणाला हसत राहिले, पण विमान आलं की माझाही टाईपरायटर थांबू लागला.

वैशाखातली गोष्ट. दुपारची वेळ, डांबर पायाला चिकटत होतं. सकाळी नेहमीसारखी विमानं येऊन गेली होती, आणि त्यानंतर अजून एक येऊन गेलं होतं, बरंच खालून. थोड्या वेळानं देवणीच्या रस्त्यानं एक माणूस सायकल दामटत आला. मांडवासमोर सायकल टाकून ओरडला, "विमान पडलं! देवणीच्या वाटेला विमान पडलं! ह्ये एवढा धूर निघून राहिला!"

मी खिडकीत गेले. खाली अप्पा उभे होते. त्यांनी हातातला ट्रे नीट बाकड्यावर ठेवला. भट्टीचा पंखा बंद केला. गल्ल्याला कधी कुलूप नसायचं, त्याला कुलूप लावलं. मग किल्ली हातात धरून ते बाकड्यावर बसले आणि बसूनच राहिले.

नामदेवराव माझ्या शेजारून जिन्याकडे गेले. त्यांच्या चपला टेबलाखालीच राहिल्या होत्या.

कचेरीची जीप लातूरला गेलेली. नवा जिल्हा झाल्यापासून जीप लातूरलाच असायची, मीटिंगला. आवारात उभा होता तो फक्त टँकर, नुकताच भरून आलेला, लमाणांच्या एका तांड्यावर जायचा. ड्रायव्हर मौलाभाई चाकाला टेकून बिडी ओढत होता.

"मौला, गाडी काढ. देवणी."

"साब, ये तांडे का पानी है."

"तांड्याला मी तोंड देतो. तू काढ."

नामदेवरावांनी अप्पांना दंडाला धरून उठवलं. तोवर गौराक्का मागच्या दारानं आली होती. तिला कुणी सांगावं लागलं नाही. ती रडलीही नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरी, तू जा ह्यांच्यासंगं. दोघा म्हाताऱ्यांचं डोकं आज ठिकाणावर न्हाई. मी हितं बसते. कुणी निरोप घेऊन आलं तर घरात माणूस पाहिजे."

टँकरच्या केबिनमध्ये मौलाभाई, मध्ये अप्पा, त्यांच्याशेजारी नामदेवराव आणि दाराशी मी. मागे पाणी डुचमळत होतं, गाडी त्याच्या लयीत झुलत होती. समोर, आभाळ जिथे पिवळं पडलं होतं तिथे, काळा धूर सरळ वर चढत होता. नामदेवरावांच्या खिशात लिंबू नव्हतं. त्यांना आठवणही झाली नाही.

गाव मागे पडलं तसे ते बोलू लागले. "काय अप्पा, मिराजला इंजन एकच ना?"

अप्पा धुराकडे बघत होते.

"बोला की. मिगला बी एकच हाय, असं म्हणा."

"आज नको, साहेब," अप्पा म्हणाले.

नामदेवराव पुन्हा सुरू झाले. आता ते दोघांच्या वतीनं बोलत होते. "मी म्हणणार, मिग बघा कसं सरळ वर चढतं. तुम्ही म्हणणार, चढतं, पण वळतं का? मिराज बघा, आभाळात असं वळतं जशी गौराक्का भाकर फिरवती. मी म्हणणार, ठीक हाय, पण भाकर करपली तर? तुम्ही म्हणणार, आमची करपत न्हाई. फ्रान्सच्या लोकांनी लई विचार करून बनवलंय. पायलटच्या हातातनं काही चुकलं तरी विमान सांभाळून घेतं. पायलटला काही होऊ देत न्हाई. तसं हाय ते. तसंच हाय."

मौलाभाईनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि गाडीचा वेग वाढवला. त्या दिवशी सगळी बाजी नामदेवरावांनी मिराजला देऊन टाकली होती. मिगच्या वतीनं त्यांनी एक शब्दही राखून ठेवला नाही.

रस्ता सोडून गाडी शेतात शिरली तेव्हा धुराचा वास आला. पेट्रोलचा नव्हता. मी शेतकऱ्याच्या घरची, मला तो वास ओळखू आला. पण बोलायला धीर झाला नाही.

माळावर सरकारी चारा डेपो होता. दुष्काळात जनावरांसाठी आणलेला कडबा तिथे रचून ठेवायचे. एक गंज धडधडून पेटली होती आणि माणसं कडुलिंबाच्या डहाळ्यांनी, अंगातल्या शर्टांनी, पोत्यांनी शेजारच्या गंजी वाचवायला बघत होती. पाण्याचा थेंब नव्हता.

अप्पा गाडी थांबायच्या आत आम्हा दोघांच्या अंगावरून खाली उतरले. समोर आलेल्या एका पागोट्यावाल्या म्हाताऱ्याचा हात धरून त्यांनी विचारलं, "विमान कुठं हाय?"

"कसलं विमान? कडबा पेटला, दिसत न्हाई व्हय?"

"विमान पडलं म्हणाले."

"कोण म्हणालं? विमान आलं होतं की मघाशी, लई खालून गेलं. आम्ही सगळे वर बघत राहिलो, आणि हिकडं कुणाची बिडी पडली का काय, धूर निघाला."

"आणि विमान?"

"गेलं."

"गेलं म्हणजे?"

"गेलं म्हणजे गेलं, बिदरला! दोन घिरट्या घातल्या आमच्यावर, धूर बघितला असंल, आणि गेलं नीट. आता पाणी आणलंय न्हवं? मग माझा हात सोड की!"

अप्पांनी हात सोडला. ते दोन पावलं मागे आले, कानडीत काहीतरी म्हणाले आणि हसायला लागले. इतके हसले की पोट धरून खाली बसले. मग उठले, धोतर खोचलं आणि टँकरच्या नळाखाली पहिली बादली त्यांनीच धरली.

पुढचा सगळा वेळ नुसती धावपळ होती. मौलाभाईनं नळ सोडला, माणसांची रांग लागली, घमेली, घागरी, जे मिळेल ते. मीही पदर खोचून रांगेत होते. पेटलेली गंज गेली, बाकीच्या वाचल्या. पागोट्यावाला म्हातारा काळवंडलेल्या तोंडानं सगळ्यांना सांगत होता, "नवा जिल्हा झाल्याचा फायदा बघा! जिल्हा लांब होता तवा आग विझल्यावर विचारायला यायचे. आता आग लागली की सरकार टँकर घेऊन हजर!" त्याला खरं कारण सांगायची त्या घडीला आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही. पुढे त्या टँकरची चौकशी निघाली तेव्हाही तहसीलदारांनी तेच कारण लिहायला सांगितलं, आणि ते मीच टाईप केलं: 'आगीची वार्ता समजताच तत्परतेने.'

आग निवल्यावर लोकांनी अप्पांना मध्ये घेतलं. शेवटी मौलाभाईनंच सगळी गोष्ट सांगून टाकली होती. कुणी त्यांच्या पाठीवर हात ठेवत होतं, कुणी ताक आणलं. पोराचं नाव काय, कुठं शिकला, पगार किती, सगळी विचारपूस चालली होती. अप्पा सगळ्यांना सगळं सांगत होते.

नामदेवराव त्या घोळक्यात नव्हते.

ते टँकरच्या पलीकडच्या बाजूला, मागच्या चाकाच्या सावलीत जमिनीवर बसले होते. इस्त्रीच्या शर्टाचं पार पोतेरं झालं होतं. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. एक हात दुसऱ्यानं घट्ट दाबून धरला होता.

मी तांब्या पुढे केला. "साहेब, पाणी घ्या."

"अप्पाला द्या."

"त्यांनी घेतलं."

"मग ठीक हाय." पण तांब्या घेतला नाही. जरा वेळानं म्हणाले, "कदमबाई, त्याला मी पाठवलं वर. अप्पा न्हाई म्हणत होता. त्याला पोरगं गल्ल्यावर बसवायचं होतं. मीच रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. मला जायला मिळालं न्हाई, म्हणून मी दुसऱ्याच्या पोराला घातलं विमानात." रनवे नाही, हवामान नाही. इतकं साधं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "आज काही झालं असतं तर अप्पा मला एक शब्द बोलला नसता. मला ठाऊक हाय ना त्याचा स्वभाव. चहा पाठवला असता वर, रोजच्यासारखा."

मी त्यांच्याशेजारी धुळीत बसले.

"रविवारी विमानं नसत्यात, ते एक बरं हाय," ते म्हणाले. "रविवारी कचेरी बंद. मी घरी एकटाच. आवाज आला असता तर कुणाशी भांडलो असतो?"

अप्पा टँकरला वळसा घालून आले ते आम्हाला दिसले नव्हते. किती ऐकलं होतं, कोण जाणे. भुवया जळाल्या होत्या, कपाळावर भस्माच्या जागी काजळी. गुडघ्यावर हात टेकत ते नामदेवरावांच्या दुसऱ्या बाजूला बसले. चारचौघांत नेहमी 'साहेब' म्हणणारे अप्पा म्हणाले, "नामदेवा, त्याला कोण पाठवलं रे?"

नामदेवरावांनी मातीतली एक काडी उचलली.

"भरतीच्या कागदावर बापाची सही लागती. सही कुणाची हाय?"

"तुमची."

"तू हात धरून करवून घेतली का?"

"न्हाई."

"माझ्या हातानं केली मी. रात्रभर विचार केला, सकाळी आंघोळ करून, देवापुढं बसून केली. तू निस्तं शिकवलंस. पाठवलं मी." मग माझ्या हातातला तांब्या घेऊन त्यांनी नामदेवरावांच्या हातात दिला आणि खालून स्वतःचा हात लावला. "पी आता. एवढं पाणी त्या कडब्यावर ओतलं, तुझ्यापुरतं हाय अजून."

नामदेवराव प्यायले. घोट घोट, लहान मुलासारखं, दोन्ही हातांनी. अर्धं शर्टावर सांडलं.

टँकरमध्ये थोडं पाणी उरलं होतं. ते घेऊन आम्ही तांड्यावर गेलो. तिथल्या बायकांनी उशिराबद्दल नामदेवरावांना जे ऐकवायचं ते सगळं ऐकवलं, आणि त्यांनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. संध्याकाळी दुसरी खेप टाकायचं कबूल करून मौलाभाईनं गाडी उदगीरकडे वळवली. रिकामी टाकी मागे घुमत होती. अप्पा आणि नामदेवराव आधी डुलक्या घेत होते. मग गाव दिसायच्या सुमाराला दोघांचीही डोकी एकमेकांवर टेकली.

मांडवासमोर गाडी थांबली तेव्हा उन्हं कलली होती. गौराक्का उंबऱ्यात बसलेली होती, दुपारी बसली होती तिथेच. मी खिडकीतून हात हलवून ओरडले, "काही नाही झालं! विमान नव्हतंच! कडबा होता!"

ती उंबऱ्याला धरून उठली, आत गेली, तांब्या घेऊन आली आणि केबिनच्या दाराशी उभी राहून आत बघितलं.

"उठवू क्या, अक्का?" मौलाभाईनं हळूच विचारलं.

"नको. निजू दे."

मी बाजूला झाले. ती पायरीवर चढली, पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात बुडवलं आणि आधी नामदेवरावांच्या कपाळावरची काजळी पुसली. मग तेच टोक पुन्हा भिजवून नवऱ्याची. दोघंही जागे झाले नाहीत. कचेरीच्या वरच्या खिडकीतून कुणीतरी चहासाठी हाक मारली, तर तिनं वळून नुसता हात वर केला. खिडकीतला माणूस आत गेला.

मौलाभाईनं इंजिन बंद केलं.